लाईट गेली की ती उठून भिंत चाचपते (दवाखान्यात काम केलेल्यांनी सांगा)

मांजराकाठचा

नमस्कार मंडळी. मी इथं वाचतो जास्त, लिहितो कमी. खत-बियाण्याचं दुकान आहे, लातूर जिल्ह्यात. बायको स्टाफ नर्स. २०२० ला कंत्राटावर लागली, कोविड वॉर्डात. २०२१ च्या उन्हाळ्यात आयसीयूला होती. आता एका खासगी दवाखान्यात ओपीडीला आहे. आयसीयूचा पगार जास्त होता, पण तिनंच नको म्हणून सांगितलं.

आमच्याकडं लाईट जाण्याचं काही नवल नाही. लाईट गेली की इन्व्हर्टर बीप करतो. दिवसा काही नाही, पण रात्री ती बीप वाजली की ही झोपेतच उठून बसते आणि उशाकडची भिंत चाचपायला लागते. मला आधी वाटायचं स्विच शोधायली. परवा विचारलं, काय शोधतीस? तर म्हणाली, "फ्लोमीटर." आणि परत आडवी झाली. सकाळी विचारलं तर काहीच आठवंना.

चार वर्षं होऊन गेली त्या उन्हाळ्याला. दिवसा एकदम नॉर्मल असते. डबे, लेकरांचा अभ्यास, सासूसोबत भांडण, सगळं वेळच्या वेळी. त्या दिवसांबद्दल विचारलं की "होतं तसंच सगळ्यांचं" म्हणून विषय तोडते. हा आजार आहे का? कुणाला दाखवावं का? का मी उगं बाऊ करायलोय? तुमच्यापैकी कुणी त्या काळात दवाखान्यात असेल तर सांगा.

सोलर_भाऊ

इन्व्हर्टरचा बझर बंद करता येतो. काहींना मागच्या बाजूला बटण असतं, नसेल तर मिस्त्रीला सांगून वायर काढून घ्या. दहा मिनिटांचं काम.

उगाच_काहीतरी

सोलर भाऊ, धागा मनाचा आहे, तुम्ही वायर काढायला निघालात. :)

नाईट_सिस्टर

भाऊ, बाऊ करत नाही तुम्ही. आमच्या बॅचच्या निम्म्या मुलींचं असं काही ना काही आहे, फक्त कुणी कुणाला सांगत नाही.

मी बीडकडची. पहिल्या लाटेत सात दिवस ड्युटी, मग सात दिवस लॉजवर क्वारंटाईन. दुसऱ्या लाटेत क्वारंटाईन-बिरंटाईन सगळं गेलं, माणसंच नव्हती. एप्रिल-मेचा उन्हाळा, बाहेर बेचाळीस, आत अंगावर पीपीई किट. संसर्ग पसरू नये म्हणून एसी बंद. किट घातलं की सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. मासिक पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते बायकांना कळेल. कोण कोण आहे ते कळावं म्हणून पाठीवर स्केचपेननं नाव लिहायचो. घामानं शाई पसरायची, "सुनीता"चं नुसतं "नीता" उरायचं. हसायचो त्यावर.

पण या सगळ्याचं मला काही वाटत नाही. शरीराचे हाल विसरता येतात. माझं काम होतं संध्याकाळी नातेवाइकांना फोन करायचं. वॉर्डात कुणाला सोडत नव्हते, मग रोज एक यादी, त्यावरून फोन. सॅच्युरेशन इतकं आहे, जेवले, स्थिर आहेत. एका संध्याकाळी बारा फोन करायचे होते. तिसऱ्याला "स्थिर आहेत" सांगितलं आणि नवव्या फोनच्या वेळेला ब्रदर येऊन म्हणाला, तीन नंबरचे गेले. मला परत तोच नंबर लावावा लागला. तिकडून त्यांच्या मुलीनं उचलला आणि पहिलंच वाक्य, "सिस्टर, काही खायला मागतायत का ते?"

माझ्या मोबाईलची रिंग तेव्हापासून बंद आहे. सायलेंटवरच असतो. लोकांना वाटतं भाव खाते.

रोखठोक_पाटील

सगळ्यांची माफी मागून लिहितो. पगार घेतला ना? तेव्हा आख्ख्या देशाच्या नोकऱ्या गेल्या, यांच्या चालू होत्या. सैनिक सीमेवर काय करतो? आमच्याकडं शेतकरी दुष्काळात काय सोसतो? त्याच्या मनाचं कुणी धागा काढून विचारलं का? आणि दवाखान्यांनी बिलं काय लावली, रेमडेसिव्हिरचा काळाबाजार कुणी केला, तेही बोला. मरणाच्या दारात बसून धंदा केला काहींनी. मी स्वतः चुलत्यासाठी एका इंजेक्शनला छापील किमतीच्या कितीतरी पट मोजलेत, तेही रात्री दोनला, पेट्रोल पंपाच्या मागं.

आशाताई_वाडीवरची

पाटील दादा, पगार कशाचा हो? आम्हा आशांना पगार नसतोय, कामावर मोबदला असतोय. कोविडचे महिन्याला हजार रुपये वरचे. ते बी कधी आले, कधी नाही. २०२१ च्या जूनमधी राज्यभर संप करावा लागला तेव्हा कुठं थोडं वाढलं. आणि २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेनं आशांना पुरस्कार दिला. टाळ्या लई झाल्या.

'माझे कुटुंब माझी जबाबदारी' चालू होतं सप्टेंबर २०२० ला, तवा हातात थर्मल गन अन् ऑक्सिमीटर घेऊन घरोघर. ऑक्सिमीटर पुढं केलं की लोक दार लावून घ्यायचे. म्हणायचे, हिनं बोट लावलं की पॉझिटिव्ह निघतंय अन् ॲम्ब्युलन्स येती. ज्या घरात मी बाळंतपणाला रात्री धावत गेले, त्या घरच्या म्हातारीनं मला वट्ट्यावरून हाकललं. हापशावर माझी घागर लागली की बाया मागं सरायच्या. कोरोना गेला, हापसा तोच हाय, बाया बी त्याच हायत. आता बोलतेत, हसतेत. मी बी बोलते. पण घागर भरताना माझं लक्ष त्यांच्या पायाकडं असतंय, मागं सरायल्यात का म्हणून.

अन् दादा, शेतकऱ्याच्या मनाचं कुणी विचारलं का म्हणलाव ना? आम्हीच विचारलं. 'प्रेरणा प्रकल्प' हाय आपल्याकडं, आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी. फॉर्म घेऊन घरोघर आम्हीच जातो. झोप लागती का, भूक लागती का, जगू वाटतं का. शेकडो फॉर्म भरले. माझा फॉर्म कुणी भरला नाही.

रोखठोक_पाटील

ताई, निरुत्तर. आशांबद्दल माझं म्हणणं नव्हतं. बाकी मुद्द्यांवर ठाम.

उगाच_काहीतरी

पाटील निरुत्तर. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

डॉ_गोदाकाठी

मी मानसोपचाराचा डॉक्टर नाही, मेडिसिनचा आहे. नांदेड-परभणी पट्ट्यात काम केलंय. धाग्यावरून निदान करणं चुकीचं, पण मांजराकाठच्या भाऊंना काही गोष्टी विचारतो. बीपशिवाय आणखी काही आहे का? एखादी जागा, रस्ता, वास टाळणं? कारण नसताना चिडणं? आधी आवडणाऱ्या गोष्टीत मन न लागणं?

आघातानंतरचा ताण, ज्याला पीटीएसडी म्हणतात, त्यात तीन-चार गोष्टी एकत्र दिसतात. प्रसंग परत परत समोर येणं (स्वप्नात, आवाजावरून, वासावरून), त्या आठवणीकडं नेणारं सगळं टाळणं, सतत सावध राहणं, आणि मनाचा कल बदलणं. हे महिन्याच्या वर टिकलं आणि रोजच्या जगण्यात आडवं यायला लागलं की दाखवायचं. उशिरा, सहा महिन्यांनंतरही ते सुरू होऊ शकतं. त्यामुळं "आता कशाला, चार वर्षं झाली" याला अर्थ नाही.

बर्नआउट वेगळं. माणूस कामानं रिकामा होतो, पेशंट म्हणजे नुसता बेड नंबर वाटायला लागतो, आपल्या हातून काही बरं होतंय असं वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित अवस्था म्हटलंय. म्हणजे दुरुस्ती माणसाची कमी आणि कामाच्या जागेची जास्त व्हायला पाहिजे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची, मॉरल इंजरी म्हणजे नैतिक जखम. सैनिकांच्या बाबतीत आधी बोलली गेली. पाटलांनी सैनिक काढलाच आहे, तर ऐका. समोर जे व्हायला नको ते होतंय, आपल्याला बरोबर काय ते माहीत आहे, आणि ते करता येत नाही. त्याची जखम भीतीची नसते, अपराधाची असते. एक व्हेंटिलेटर आणि तीन पेशंट. वय विचारायचं, एचआरसीटीचा (छातीच्या सीटी स्कॅनचा) पंचवीसपैकी स्कोअर बघायचा, मग ठरवायचं. हे मी केलंय. बरोबरच ठरवलं असं आजही वाटतं. तरी त्यातल्या एका माणसाच्या चपला मला आठवतात, निळ्या पट्ट्याच्या, बेडखाली नीट जोडून ठेवलेल्या.

आकडा पाहिजे असेल तर, २०२० च्या सुरुवातीलाच चीनमधल्या ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ डॉक्टर-नर्सेसना प्रश्नावली दिली होती. निम्म्यांत नैराश्याची लक्षणं, साधारण एक तृतीयांशांना झोपेची तक्रार. नर्सेस, बायका आणि प्रत्यक्ष कोविड वॉर्डातले लोक यांच्यात जास्त. म्हणजे वहिनी एकट्या नाहीत.

ब्रदर_ऑन_ड्युटी

सर, चपलांचं वाचून थांबलो.

फ्लोमीटर का, ते सांगतो. बाहेरच्यांना कळणार नाही. पेशंटला ऑक्सिजन किती लिटरनं सोडायचा ते त्यावर ठरतं. जम्बो सिलिंडरमध्ये सात घनमीटर म्हणजे सात हजार लिटर ऑक्सिजन. पिशवीवाला मास्क मिनिटाला पंधरा लिटरनं लावला तर एका माणसाला आठ तासही पुरत नाही. हाय फ्लो साठ लिटरनं लावला तर दोन तासांच्या आत संपतो. आमच्या इथं भिंतीवर खडूनं गणित लिहिलेलं असायचं. गाडी किती वाजता येणार, तोवर किती सिलिंडर, कुणाचा फ्लो कितीनं कमी करायचा. पंधराचा बारा, बाराचा दहा. ते बटण हातानं फिरवायचं असतं. फिरवताना पेशंट तुमच्याकडं बघत असतो.

त्यामुळं वहिनी झोपेत भिंत चाचपतात याचं मला नवल नाही. माझा हात अजून गॅसच्या रेग्युलेटरवर गेला की मी काटा शोधतो.

हुरडा_पार्टी

अवांतर: २२ मार्च २०२० ला पाच वाजता आमच्या गल्लीत एकानं थाळीऐवजी ट्रॅक्टरचा सायलेन्सर काढून चालू केला होता. अर्धा तास. शेवटी दवाखान्यातून माणूस आला, पेशंटला त्रास होतोय म्हणून.

खवापोळी

आणि चिकन फुकट वाटत होते ते दिवस! काढ्यानं तोंड आलं होतं आमच्या सगळ्या घराला. दालचिनी, मिरे, सुंठ, गुळवेल, कुणीतरी सांगितलं म्हणून लिंबाचा पाला पण. कोरोना झाला नाही, मूळव्याध झाली.

उगाच_काहीतरी

खवापोळी ताई, हे तुमच्या आयडीला शोभत नाही.

संपादक

काढा, चिकन आणि मूळव्याध यांच्यासाठी वेगळा धागा काढावा. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

मामांचा_मुलगा

डॉक्टर आणि सिस्टरांचं सगळे विचारतात. मामांचं कुणी विचारत नाही. माझे वडील एका सरकारी दवाखान्यात वर्ग चारला होते. लेबर म्हणा, वॉर्डबॉय म्हणा, तिथं सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांचं काम बॉडी पॅक करायचं. २०२० मध्ये नियमानं, दोन थर, सोडियम हायपोक्लोराईट मारून, नावाची चिठ्ठी वर. २०२१ ला बॅगा कमी आणि माणसं जास्त. मराठवाड्यात तेव्हा एका ठिकाणी एका ॲम्ब्युलन्समध्ये २२ मृतदेह नेल्याचं पेपरला आलं होतं, आठवत असेल. सगळ्या राज्यानं हळहळ केली. घरी आम्ही ती बातमी वाचत होतो. वडील म्हणाले, "बावीस उचलायला किती माणसं होती ते लिहिलंय का बघ." लिहिलेलं नव्हतं.

ते आधी आठवड्यातून एकदा घ्यायचे. त्या वर्षी रोज झाली. आम्ही भांडलो, आईनं शपथा घातल्या. दारूचा आजार म्हणूनच सगळे बघत होते. दवाखान्यानं समुपदेशनाचं सत्र ठेवलं होतं, पण ते डॉक्टर आणि नर्सिंग स्टाफसाठी. मामांचं नाव यादीत नव्हतं. खुर्च्या मांडायला मात्र बोलावलं होतं.

आता रिटायर आहेत. दारू बरीच कमी आहे. उन्हाळ्यात रात्री कुणी प्लास्टिकचा कागद फडफडवला तरी उठून अंगणात जातात.

नाईट_सिस्टर

भाऊ, वडिलांना माझा नमस्कार सांगा. वॉर्डात खरा धीर मामा आणि मावशीच द्यायचे. डॉक्टर राऊंड घेऊन जायचे, आम्ही औषधात. पेशंटच्या पायाला तेल लावत बसलेली मावशी मी बघितलीय, किट घालून.

किल्लारीकर_जुना

मी वयानं मोठा आहे, कंटाळा आला तर पुढं जा.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. पहाटे चारला चार मिनिटं कमी. रात्री गणपती बुडवून लोक झोपलेले. दगड-मातीची जाड भिंतींची घरं, वर माळवद. ते सगळं अंगावर. मी तेव्हा तिशीत, उकरायला होतो. पुढं पाऊस, चिखल, आणि तो वास. सरकारनं नवीन गावं वसवली, पक्की घरं दिली. पण कित्येक वर्षं आमच्यातले लोक त्या घरात झोपत नव्हते. घरात सामान, बाज अंगणात. पुण्या-मुंबईचे लोक विचारायचे, एवढं चांगलं घर असून बाहेर का झोपता? काय सांगणार.

तेव्हा मनाचे डॉक्टरही आले होते गावोगाव. सुरुवातीला आम्ही हसलो. आमचं गेलंय घर, हे विचारतात स्वप्नं पडतात का. पण एक गोष्ट कळली. जे उकरायला होते, म्हणजे आम्ही, त्यांना कुणी विचारलं नाही. ज्यांचं माणूस गेलं त्यांनाच सगळे विचारायचे. आम्ही मदत करणारे, आम्हाला काय होणार? मला पहिल्यांदा रडू फुटलं ते २००१ ला, भुजचा भूकंप टीव्हीवर बघताना. आठ वर्षांनी. बायको घाबरली होती.

मांजराकाठचे, तुमच्या मंडळींना चारच वर्षं झालीत.

गोलघुमट

+१. मोठ्यांनी लिहित जावं.

नाव_नको

हा आयडी आजच घेतलाय, मुद्दाम.

मी दुसऱ्या बाजूचा आहे. मे २०२१. वडील ॲडमिट, आठवा दिवस. सकाळी सांगितलं बरे आहेत, दुपारी सांगितलं गेले. मी गेट ढकलून आत गेलो आणि पहिला जो दिसला त्याची कॉलर धरली. किट नव्हतं त्याच्या अंगावर, बहुतेक ड्युटी संपवून बाहेर पडत होता. गालावर मास्कचे वळ. मी त्याला दोन मारल्या. माझ्यासोबत चार-पाच जण होते, त्यांनीही. तो हात वर करून एवढंच म्हणत होता, "मी त्या वॉर्डात नाही, मी त्या वॉर्डात नाही."

पोलीस केस झाली नाही. त्यानं केलीच नाही. कायदा कडक झाला होता हे मला नंतर कळलं. एप्रिल २०२० मध्ये वटहुकूम निघाला, १८९७ च्या साथरोग कायद्यात बदल झाला, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, गंभीर इजा असेल तर सात. तो मनात आणता तर मी आत असतो.

त्याला शोधायला मी दोनदा गेलो. कंत्राटी होता, लाट ओसरल्यावर काढून टाकलं म्हणाले. माफी मागायला माणूस सापडंना. इथं सगळे त्या काळात दवाखान्यात असलेले लोक लिहितायत, म्हणून लिहिलं.

रोखठोक_पाटील

लिहिलंत हे बरं केलंत.

ब्रदर_ऑन_ड्युटी

तो मी नव्हतो. पण असा मार मीही खाल्लाय, दुसऱ्या गावात, दुसऱ्या कुणाकडून. खरं सांगू का, मार दोन दिवसांत विसरलो. ऑगस्टमध्ये एका व्हॉट्सॲप मेसेजवर "आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे" आलं, ते विसरत नाही. मे २०२० ला हेलिकॉप्टरमधून दवाखान्यांवर फुलं टाकली होती. पुढच्या वर्षी ऑगस्टला आम्ही टाकाऊ.

तुमची माफी त्याच्या वतीनं घेतो असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण वाचली.

हिमायतबाग

समुपदेशनाची गंमत मी सांगतो. मी औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं) एका मोठ्या दवाखान्याच्या ऑफिसात होतो. वरून पत्र आलं, कर्मचाऱ्यांच्या तणावमुक्तीसाठी ऑनलाईन शिबिर घ्या, फोटोसह अहवाल पाठवा. दुपारी चारची वेळ. नाईट करून झोपलेल्या पोरींना उठवून जोडायला लावलं, कारण हजेरी दाखवायची होती. शिबिरात पहिली सूचना, "रोज आठ तास झोप घ्या." एकीचा माईक चालू राहिला होता. ती जे बोलली ते अहवालात आलं नाही.

उलट एक इन्चार्ज सिस्टर होत्या, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली बाई. त्यांनी काय केलं? सहा तासांचं किट चार तासांवर आणलं, वेळापत्रक स्वतः वहीत आखून. नवीन मुलीला कधी एकटीला नाईट दिली नाही, सोबत जुनी. आणि पॅन्ट्रीत चहा. ड्युटी सुटली की सरळ घरी जायचं नाही, दहा मिनिटं चहा प्यायचा आणि आज काय झालं ते बोलायचं किंवा गप बसायचं. कुणी रडलं तर "नाक पूस, बिस्कीट घे" एवढंच. त्या वॉर्डातल्या एकाही मुलीनं नोकरी सोडली नाही. यावर कुणी पेपर लिहिला नाही.

डॉ_गोदाकाठी

हिमायतबाग, त्या बाईंनी नकळत बरोबर केलं. आघातानंतर लगेच सगळ्यांना एका खोलीत बसवून "काय झालं ते सविस्तर सांगा" असं एकदाच करायचं सत्र उपयोगाचं नसतं, हे आता मान्य आहे. सोबत, विश्रांती, वेळेवर जेवण, खरी माहिती, आणि बोलायचं असेल तर बोलायची मुभा, हे उपयोगाचं.

अजून एक सांगतो, ते आमच्याच लोकांसाठी. झोपेच्या गोळ्या. वॉर्डात हाताशी असतात, अल्प्राझोलाम अर्धी, मग एक, मग दोन. आमच्यात हे फार आहे आणि कुणी कबूल करत नाही. पीटीएसडीवर त्या गोळ्या उपाय नाहीत, सवय मात्र लागते. उपाय आहेत ते वेगळे. आघातावर काम करणारी मानसोपचार पद्धत, त्यात डोळ्यांच्या हालचाली वापरून करतात ती ईएमडीआर पण आली, आणि गरज लागली तर सर्ट्रालीनसारखी नैराश्यावरची औषधं. मी स्वतः आठ महिने घेतली. घेताना पहिल्यांदा केमिस्टकडं गेलो तो जिल्ह्याबाहेरच्या.

कोरडवाहू

सर, जिल्ह्याबाहेर का? तुम्ही डॉक्टर.

डॉ_गोदाकाठी

म्हणूनच.

नाईट_सिस्टर

:( हेच. आमच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आजाराची ओपीडी आहे, आता केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. पण केसपेपर काढणारा ओळखीचा, ओपीडीबाहेर बसलेली मावशी ओळखीची. संध्याकाळपर्यंत सगळ्या दवाखान्यात होतं, सिस्टरच्या डोक्यावर परिणाम झाला. मग सुट्टी मागितली तरी तेच, भांडलं तरी तेच.

कोरडवाहू

त्यापेक्षा १४४१६ ला फोन करा. टेली मानस, सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, मराठीत बोलतात, चोवीस तास. मी भावासाठी लावला होता. पहिल्यांदा नुसतंच ऐकून घेतलं पोरीनं, मग जवळचा डॉक्टर सुचवला. चेहरा दिसत नाही हा मोठा फायदा.

मांजराकाठचा

सगळ्यांचे आभार. दुकानात गर्दी होती, पेरणीचे दिवस, म्हणून उशीर.

डॉक्टरसाहेब, तुम्ही विचारलं म्हणून लक्षात आलं. ती त्या जुन्या दवाखान्यापुढच्या रस्त्यानं जात नाही. आम्हाला बाजारात जायचं तर तो सरळ रस्ता, पण स्कुटी ती रिंगरोडनं घेते. मी समजत होतो गर्दी टाळते. लेकरानं ऑक्सिमीटर खेळायला घेतलं होतं, तर हिसकून कचऱ्यात टाकलं, नवीन होतं. आणि आधी गाणी म्हणायची भांडे घासताना. ते कधी बंद झालं ते मला सांगता येईना गेलंय.

एक कबुली. हा धागा तिनं बघितला. मोबाईल चार्जिंगला लावला होता, तिनं उघडला. मी म्हटलं आता चिडणार. तिनं सगळे प्रतिसाद वाचले, बसून, चष्मा लावून. मग म्हणाली, "मला लिहायचंय." पुढचं तिचं आहे, मी नुसता टाईप केलाय.

*

मी यांची मंडळी. सगळ्यांना नमस्कार.

यांनी लिहिलेलं एक चुकलंय. मला बीपचं भ्या वाटत नाही. बीप वाजली म्हणजे मशीन चालू आहे. आमच्याकडं पाईपलाईनला मॅनिफोल्ड होतं, एका बाजूचे सिलिंडर संपत आले की तिथं अलार्म व्हायचा, मग दुसरी बाजू चालू करायची. त्या रात्री दुसरी बाजू पण अर्धीच होती आणि गाडी रस्त्यात होती. काय झालं ते मी इथं लिहिणार नाही. ब्रदर ऑन ड्युटी यांनी खडूचं लिहिलंय ना, तसंच होतं. मला फक्त एवढं सांगायचंय की मी झोपेत बंद करायला उठत नाही. वाढवायला उठते.

नाव नको दादा, तुम्ही ज्याला मारलं तो आमच्यातलाच कुणी असेल. आमच्या इथल्या एका ब्रदरनं मार खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी नाईट केली होती. त्यानं केस का केली नाही ते विचारलं, तर म्हणाला, त्याचा बाप गेलाय, माझा आहे.

मामांच्या मुलाला सांगते, आमच्या मामांनी मला एकदा बॉडी पॅक करताना बाहेर काढलं होतं. "पोरी, तू जा, तुझ्या ओळखीचा हाय हा." माझ्या बारावीच्या गणिताच्या सरांना मी ओळखलंच नव्हतं, नळ्यांमुळं. मामांनी नाव वाचलं होतं.

१४४१६ ला काल दुपारी फोन केला. हे दुकानात होते. वीस मिनिटं बोलले. त्यांनी नांदेडला एक मॅडम सुचवल्यात, बुधवारी जाणार आहे. लातूरला नको म्हटलं, नाईट सिस्टर ताईंना कळेल का ते.

नाईट_सिस्टर

कळलं बाई. जाऊन ये.

आशाताई_वाडीवरची

जाऊन ये माय. तिथं फॉर्म भरून घेतील, झोप लागती का, भूक लागती का. खरं खरं सांग. आम्हाला लोक खोटं सांगतेत, मग आम्हाला कळतंय पण काय करावं.

रोखठोक_पाटील

वहिनी, नांदेडला जाताना गाडी लागली तर सांगा. मी त्याच रस्त्यावर आहे. मुद्दे माझे तेच आहेत.

सोलर_भाऊ

वहिनी, एक विचारायचं राहिलं. मग बझर ठेवायचा का काढायचा?

मांजराकाठचा

ठेवायचा म्हणायली.

सोलर_भाऊ

ठीक. पण बीप जास्तच येत असेल तर बॅटरीतलं पाणी कमी झालं का ते बघा. उन्हाळ्यात लवकर आटतं. डिस्टिल्ड टाका, नळाचं नको.